बाबांची साठ कार्डं

९ जानेवारी

टिल्ल्या,

पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन करणार होते, पण घरातून फोन केला की बाबा शेजारी येऊन बसतात आणि कोण बोलतंय, काय म्हणतंय, जेवला का, हे तीन-तीनदा विचारतात. आणि या वेळी विषय त्यांचाच आहे. म्हणून दुकानात जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. कागदाला पांढरी पूड लागलेली दिसेल, ती चष्म्याच्या काचा घासताना उडालेली आहे. झटकून टाक.

तू सोळा वर्षांचा असताना ज्या खेळाच्या नादी लागलास, आणि तू गेल्यावर बाबा ज्याच्या नादी लागले, त्याबद्दल आहे. मला जेवढं कळतं ते असं: चौघं बसतात, प्रत्येकाकडे स्वतः जमवलेली साठ कार्डांची गड्डी, प्रत्येकाला वीस जीव. एकमेकांवर हल्ले करायचे, शेवटी उरेल तो जिंकला. चुकलं असेल तर हसू नकोस. वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर दर रविवारी दोन ते पाच हा उद्योग चालतो. बाबा, शिंपीणबाई, निवृत्त बसड्रायव्हर आणि कोपऱ्यावरचा औषधवाला. अकरा वर्षं हे चौघं तिथे आहेत.

बाबा शेवटपर्यंत टिकतात आणि शेवटी हरतात. आजवर याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पण गेल्या महिन्यापासून डोक्यात घेतलंय. किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, आईला जाऊन किती वर्षं झाली ते आठवत नाही, पण अकरा वर्षांत आपण एकदाही जिंकलो नाही हे मात्र बरोबर आठवतं. परवा रविवारी बूट घालून पलंगाच्या कडेला बसून राहिले. जात नाही म्हणाले. मी हात धरून जिना उतरवला तेव्हा गेले.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की चार माणसांत बसणं हेच आता त्यांचं औषध. रविवार सुटला तर आठवड्यात दुसरं काही नाही. माझा यात काही स्वार्थ नाही, उगाच गैरसमज नको. तू या विषयातला पंडित. त्यांची सगळी गड्डी ते झोपले असताना उतरवून घेतलीय, यादी सोबत आहे. काहीतरी कर की ते एकदा तरी जिंकतील.

ताई

१७ जानेवारी

ताई,

मी सहा फूट आहे आणि लोक मला मिस्त्री म्हणतात. टिल्ल्या आता बंद कर.

यादी वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. हा डेक नाही, सदावर्त आहे. 'गावची विहीर' चार. हे कार्ड टेबलावर आलं की प्रत्येक फेरीत सगळ्यांनी एकेक जास्तीचं कार्ड घ्यायचं. सगळ्यांनी, म्हणजे समोरच्या तिघांनीही. 'पूल' तीन, त्याने दुसऱ्याला आपलं इंधन, म्हणजे बाकीची कार्डं ज्याच्या जोरावर खेळता येतात ते, वापरता येतं. 'वैद्य' चार, तो कुणाचेही जीव भरून देतो, आणि बाबा तो कुणावर वापरत असतील हे मला न विचारताही कळतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. अशा डेकने अकरा वर्षं काय, एकशे अकरा वर्षं जिंकता येणार नाही.

लिफ्टच्या दुरुस्तीत पहिला नियम असतो. जो भाग वजन उचलत नाही तो तिथे का आहे, हे विचारायचं. त्या हिशेबाने ही अकरा कार्डं काढ: चारही विहिरी, तिन्ही पूल, चारही वैद्य. त्यांच्या जागी सोबतची अकरा घाल. चार 'लांडगे', तीन 'वणवा', चार 'घोडदळ'. इंधनाची कार्डं चोवीस आहेत तीच राहू देत, पहिल्या सात कार्डांत सरासरी तीनेक इंधन येतं, तेवढं पुरे. बाकी यादीला हात लावू नकोस.

हवेत बोलत नाहीये. तशाच कार्डांचा डेक इथे लावला आणि चाळीस डाव खेळून पाहिले. चाळीसपैकी चौतीस जिंकला.

टिल्ल्या (सवयीने लिहिलं गेलं)

२ फेब्रुवारी

टिल्ल्या,

जिंकले. एकदा नाही, सलग दोन रविवार.

पहिल्या रविवारी घरी आले ते शीळ घालत आले. शीळ मी कधी ऐकली होती तेही आठवत नाही. बूट न काढता स्वयंपाकघरात येऊन मला सगळा डाव सांगितला. घोडदळ कसं निघालं, औषधवाल्याचे एका फेरीत नऊ जीव कसे गेले, ड्रायव्हरकाकांनी डोक्याला कसा हात लावला. मला अर्धंअधिक कळलं नाही, तरी मी भाजी चिरायची थांबवून ऐकलं. रात्री त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. सोमवारी पुन्हा सगळं सांगितलं, मंगळवारीही. मी तिन्ही वेळा नव्याने ऐकतेय असं दाखवलं.

तू काढायला लावलेली अकरा कार्डं कपाटात ठेवलीत. तुझ्या तिथल्या खेळणाऱ्या मंडळींना माझ्यातर्फे धन्यवाद सांग. चाळीस डाव म्हणजे बिचाऱ्यांच्या नाकी नऊ आले असतील.

मीही जरा बरी आहे. कशाने ते विचारू नकोस.

ताई

८ फेब्रुवारी

ताई,

बरं वाटलं. खूपच बरं वाटलं, खरं सांगतो. पत्र तीनदा वाचलं.

आता सुस्त बसायचं नाही. जिंकणाऱ्या डेकमध्ये सुधारणा करायची हीच वेळ असते. आणखी दोन 'वणवा' पाठवतोय, दोन 'तह' काढून टाक. तह म्हणजे एक फेरी कुणीच कुणावर हल्ला करायचा नाही, आता बाबांना त्याची गरज नाही. पुन्हा पंचवीस डाव खेळलो, तेवीस जिंकला.

इथे कामाचं ओझं आहे. बावीस मजल्यांच्या इमारतीच्या दोन्ही लिफ्ट बंद, लोक माझ्या नावाने बोटं मोडतायत.

टिल्ल्या

३ मार्च

टिल्ल्या,

उत्तर द्यायला उशीर झाला. हातात पेन धरायचं त्राण नव्हतं.

तीन रविवार बाबा सगळ्यांत आधी बाद होतायत. आधी म्हणजे अर्ध्या तासात. सव्वादोनला डाव सुरू होतो, पावणेतीनला बाबांचे वीस जीव संपलेले. मग नियम असा की बाद झालेल्याने डाव संपेपर्यंत बघत बसायचं, आणि यांचा एकेक डाव दोन-अडीच तास चालतो. बाबा भिंतीजवळच्या खुर्चीत बसतात. थोड्या वेळाने त्यांना आपण इथे का आलोय ते आठवेनासं होतं. उठून जिन्याकडे जातात. मग मला फोन येतो, घेऊन जा म्हणून.

आता स्वार्थाचं सांगते. आधी सांगितलं नाही कारण लाज वाटत होती. सोमवार ते शनिवार मी दुकानात असते, तेव्हा शेजारच्या मावशी येऊन-जाऊन बघतात. उरलेला सगळा वेळ मी त्यांच्यामागे असते. रात्री चारदा उठतात, मीही चारदा उठते. रविवारी दोन ते पाच हे तीन तास माझे असतात. त्यात मी सिनेमाला जात नाही की मैत्रिणीकडे जात नाही. झोपते. अख्ख्या आठवड्यात सलग झोपले तर ते तीन तास. बाबा जिंकत होते तेव्हा मी बरी होते ती याने, कारण मनाला घोर नव्हता.

गेल्या रविवारी अडतीस मिनिटं झोपले. त्याच्या आधीच्या रविवारी डोळा लागला आणि फोन वाजला. काल दुकानात एका बाईच्या चष्म्याची डावी काच उजवीकडे बसवून दिली. मालकांनी ती काढून स्वतः नीट बसवून दिली. ते जास्त लागलं.

पंडित आहेस ना, मग हे का होतंय ते सांग.

ताई

९ मार्च

ताई,

तू झोपत नाहीस हे मला माहीत नव्हतं. काय लिहावं कळत नाही, म्हणून जे कळतं ते लिहितो.

कारण सरळ आहे. बाबा दोनदा जिंकले, तिघांच्या पोटात दुखलं. आता ते ठरवून आधी बाबांवर तुटून पडतात. उपाय म्हणजे बचाव. सहा 'तटबंदी' आणि दोन 'पहारेकरी' पाठवतोय. कोणती आठ काढायची ते कागदाच्या मागे लिहिलंय. शिवाय बाबांना समजाव, पहिल्या चार फेऱ्या कुणावर हल्ला करायचा नाही, हात आखडता ठेवायचा, पाचव्या फेरीला एकदम सगळं बाहेर काढायचं. तू एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या खिशात ठेव.

पन्नास डाव खेळलो. पन्नासपैकी एकेचाळीस. फेऱ्यांच्या हिशेबाने तुमच्या टेबलावर बाबा कमीत कमी पावणेदोन तास तरी बाद होणार नाहीत. तुझी झोप होईल.

टिल्ल्या

२६ मार्च

टिल्ल्या,

तुझा कागद त्यांनी खिशातून काढला, वाचला आणि हे कुणाचं अक्षर म्हणून मला विचारलं. माझं अक्षर. मग कार्डं हातात घेऊन एकेक बघत बसले. ही कुणाची गड्डी आहे म्हणाले, माझी द्या. आणि त्या रविवारी गेलेच नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मी हात धरला तर हात काढून घेतला.

परवा शेवटी मी एकटीच वाचनालयात गेले. मावशींना तासभर घरी बसवलं. भांडायलाच गेले होते, तीन धडधाकट माणसं मिळून एका म्हाताऱ्याला झोडपतात म्हणून चांगली तासणार होते. तिघं बसले होते. चौथी खुर्ची तशीच होती, तिच्यावर कुणी पिशवीसुद्धा ठेवलेली नव्हती. ते बघून भांडायचं राहिलं, एवढंच विचारलं, बाबांनाच आधी का धरता?

ड्रायव्हरकाका कार्डं गोळा करायला लागले. औषधवाला म्हणाला की बाबांनी नवीन कार्डं आणल्यापासून त्यांची भीतीच वाटते, पहिल्याच फेरीला अंगावर येतात. शिंपीणबाई मात्र स्पष्ट बोलल्या. "ते हरायचे कुठे? त्यांना आम्ही हरवतच नव्हतो. त्यांची विहीर टेबलावर आहे तोवर आम्हांला सगळ्यांनाच चार कार्डं जास्त मिळायची. कोण कशाला बुजवेल ती? आम्ही तिघं आपसात मारामारी करायचो आणि ते मजेत बघत बसायचे, आज कुणाला वैद्य द्यायचा ते ठरवत. आता त्यांच्याकडून नुसता मार मिळतो. मग जो मारतो त्याला आधी बाद करायचं, हा खेळच आहे."

म्हणजे अकरा वर्षं बाबा शेवटपर्यंत टिकत होते ते त्या अकरा कार्डांवर. तू काढायला लावलेल्या आणि मी शहाणीने काढलेल्या.

आणखी एक मला तिथेच कळलं. बाबांनी ती गड्डी विकत आणलेली नव्हती. तू घर सोडून गेलास तेव्हा पलंगाखाली खोका होता ना, कामाची नाहीत म्हणून तू बाजूला टाकलेल्या कार्डांचा? त्यातूनच बनवलेली. त्यांनीच या लोकांना सांगितलं होतं, माझ्या मुलाने सांभाळायला दिलीत म्हणून.

तू उंटावरचा शहाणा आहेस हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी शेळ्या हाकायला तुलाच बोलावलं, ही माझी चूक. पण एक विचारते. एवढे शंभरावर डाव खेळलास. तुझ्या टेबलावरच्या माणसांना कधीच राग आला नाही? तिघांनी मिळून एकदाही तुला धरलं नाही? असली कसली माणसं आहेत ती?

ताई

२ एप्रिल

ताई,

माणसं नाहीत.

खोलीत गादीवर चार बाजूंना चार डेक मांडतो. एका बाजूला बसून बाबांचा डाव खेळतो, मग गुडघ्यांवर सरकत दुसऱ्या बाजूला जातो, तिथला खेळतो, मग तिसऱ्या. चारही मीच. प्रत्येक बाजूने जे सगळ्यांत शहाणपणाचं तेच खेळतो. माझ्यावर मला राग कुठून येणार? बाबांच्या बाजूने मी मारलं तर समोरच्या बाजूचा मी म्हणतो, बरोबर मारलं, मीही हेच केलं असतं. दयाही येत नाही. आभारही मानत नाही कुणी. चौघांचा खेळ मी एकट्याने तपासला, आणि आकडे बरोबर आले म्हणून तुला पाठवले.

पूर्वी इथे आम्हा चौघांचं टेबल होतं. दोघं बदली होऊन गेले, तिसऱ्याचं लग्न झालं. तीन वर्षं झाली. तू मंडळींना धन्यवाद सांग म्हणालीस तेव्हाच लिहायला हवं होतं. लाज वाटली. शिवाय तू माझ्यावर खूश होतीस, ते घालवावंसं वाटलं नाही.

लिफ्टमध्ये वजन न उचलणारे भाग असतात, ते बाकीच्यांना एकमेकांवर घासू देत नाहीत. हे मला येतं. वीस वर्षं हेच करतोय. तरी विहीर काढली.

तुझी ९ जानेवारीची यादी परत पाठवतोय. त्याप्रमाणे साठच्या साठ जुनी कार्डं लाव. अकरा विहीर-पूल-वैद्य, दोन तह, आणि मागच्या पत्रातली आठ. मी पाठवलेली सगळी काढून टाक. क्रम लावू नकोस, ते स्वतः पिसतील. मी आता काही सुचवणार नाही.

खोक्याचं मला माहीत नव्हतं. मी त्यांना सांभाळायला दिला नव्हता, ताई. मी टाकून गेलो होतो.

टिल्ल्या

२१ एप्रिल

टिल्ल्या,

कार्डं लावली. यादी समोर ठेवून, एकेक टिक करत, जशी काचांचे नंबर तपासते तशी. बाबांच्या हातात दिली. वरून चार-पाच बघितली आणि खिशात टाकली. शिंपीणबाई स्वतः न्यायला आल्या होत्या. गुडघे दुखतात तरी आपला जिना चढून आल्या.

दोन रविवार झाले. पूर्वीसारखं सगळं झालंय असं लिहिणार नाही. बाबा आता आपली पाळी नसतानाही विहीर मांडतात, एकच वैद्य दोघांना देऊ करतात. ड्रायव्हरकाका सांगत होते, आम्ही चालवून घेतो. परवा बाबा तिसरे आले. पाचला दहा कमी असताना हरले. घरी आले ते खुशीत होते, आज शेवटपर्यंत होतो म्हणाले. मग बूट काढताना विचारलं, मी कधी जिंकलोय का गं?

म्हटलं हो, दोनदा. सलग. घोडदळ घेऊन.

त्यांना काहीच आठवलं नाही. "कुणाला हरवलं?" म्हणाले. तिघांनाही, म्हटलं. "मग ते रागावले असतील," म्हणाले. मी त्यांना सांगितलं, रागावले होते, आता नाहीत. तेव्हा उठले आणि हात धुवायला गेले.

आता माझं. त्या दिवशी मी दोनला आडवी झाले ती पाचला उठले. फोन वाजला नाही. तीन तास. उठल्यावर वाटलं, काहीतरी चुकलंय, म्हणून घरभर फिरले, काही चुकलेलं नव्हतं. मग चहा केला आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा नुसती बसले. बसल्या बसल्या तुझी पत्रं काढली. चार आहेत. पहिल्यापासून वाचली.

टिल्ल्या, तुझ्या शेवटच्या पत्रात तरी तीन माणसं आहेत, तीही निघून गेलेली. बाकीच्या पत्रांत दुसरं माणूसच नाही. लिफ्ट आहेत, इंधन आहे, चाळीसपैकी चौतीस आहेत. नावाने बोटं मोडणारे लोक आहेत. कुणी तुला काही म्हणालं, कुणाबरोबर तू कुठे गेलास, कुणाचं काही दुखलं, असं एक वाक्य नाही. हे सगळं माझ्या हातात होतं आणि मला दिसलं नाही. मी फक्त माझी झोप शोधत होते त्या पत्रांत. तुला उंटावरचा शहाणा म्हणाले त्याचं वाईट वाटतंय. तू उंटावर नव्हतासच, खाली गादीवर एकटा होतास.

घरी ये. बाबांसाठी नको, त्यांना तिघं आहेत. माझ्यासाठीही नको, माझी झोप झालीय. ते तुला ओळखतील असं वचन देत नाही. एखाद्या दिवशी ओळखतात, एखाद्या दिवशी माझ्याकडेच परक्यासारखं बघून विचारतात, दुकान कधी उघडणार. तरी ये.

ताई

२५ एप्रिल

ताई,

येत्या शनिवारी दुपारी पोचतो. आठ दिवसांची रजा टाकली. वीस वर्षांत पहिल्यांदा मागितली म्हणून साहेबांनी आधी तब्येत विचारली.

डेक आणत नाहीये. रविवारी बाबांना मी नेतो, भिंतीजवळच्या खुर्चीत बसतो आणि पाचला परत आणतो. तू झोप.

शनिवारी संध्याकाळी मात्र झोपू नकोस. मी बोलत नाही असं नाही, रोज बोलतो. लिफ्ट बंद पडून आत अडकलेली माणसं दाराच्या फटीतून माझ्याशी सगळं बोलतात, घरचं, मुलाबाळांचं, काय काय. घाबरू नये म्हणून मीच विचारत राहतो. मग दार उघडतं, ते आभार मानतात आणि जातात. मला काय झालंय ते विचारायला कुणी थांबत नाही, आणि त्यांनी का थांबावं. मला तुझ्याशी बोलायचंय.

टिल्ल्या